भाग २७ : बाळ यायच्या आधीची खरेदी

[ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाची अडखळ काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. सुरुवातीच्या भागात पोटातलं बाळ गमावल्याचा उल्लेख आहे. आत्ता ते नको असेल तर हा भाग बाजूला ठेवा, नंतर कधी तरी वाचा.]

आवाज जरा दमल्यासारखा येत असेल तर सांभाळून घ्या. ३४वा आठवडा चालू आहे, पाठीला दोन उशा लावून बसलेय आणि मधून मधून पोटातून लाथा येतायत. एखाद्या ठिकाणी मी ‘आई गं’ म्हणाले तर ते तुम्हाला उद्देशून नाही.

गेल्या महिन्यात मी सांगितलं की बाळ येतंय, तेव्हापासून मेसेजचा पाऊस पडलाय. अभिनंदनाबद्दल मनापासून थँक्यू. पण निम्म्या मेसेजमध्ये एकच प्रश्न आहे : ‘ताई, शॉपिंग झाली का? लिस्ट टाक ना.’ तर आज त्यावरच बोलू. लिस्ट म्हणाल तर थोडीफार येईल बोलण्यात. पण खरं सांगू, दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत माझ्या घरात बाळासाठी विकत आणलेली एकही वस्तू काढलेली नव्हती. एक सोडून. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

आपल्या घरांमधला नियम तुम्हाला माहीतच असेल. बाळ यायच्या आधी काही आणू नये. पाळणा नाही, झबली-टोपरी नाहीत, खुळखुळा तर नाहीच. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, हा नियम अगदी कडक पाळणाऱ्या. आणि मी? मी पहिल्या वेळी त्यांना हसले होते. तोंडावर नाही हो, मनात. मला वाटलं, झालं, आता हे पण शकुन-अपशकुन. ऑफिसमधल्या मैत्रिणींनी तर पाचव्या महिन्यात नर्सरी रंगवून घेतलेल्या. भिंतीवर ढग, छताला लटकणारे हत्ती वगैरे. आमचं वन बीएचके, त्यात नर्सरी म्हणजे बेडरूममधला तो कोपरा जिथे इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. पण तो कोपरा तरी सजवावा की नाही?

पहिल्या वेळी म्हणजे तीन वर्षांपूर्वी. बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली, ठोके ऐकले, आणि त्याच रात्री मी दोन गोष्टी केल्या. एक, प्रेग्नन्सीचं ॲप घेतलं. दोन, सेल चालू होता म्हणून खरेदीच्या ॲपवर कार्ट भरायला लागले. ४१ वस्तू! नवऱ्याने विचारलं, बाटली गरम ठेवायचं यंत्र कशाला? मी म्हटलं, ५० टक्के ऑफ आहे. एवढं कारण मला पुरलं होतं. शेवटी कापून कापून १७ वस्तू मागवल्या. त्यात एक लाकडी कॉट, सुटी करून खोक्यात येते तसली.

१९व्या आठवड्यात ते बाळ गेलं.

याबद्दल मी इथे फार बोलणार नाही. बोलायचं असतं तर वेगळा भाग केला असता, कदाचित कधी तरी करीन. पण खरेदीशी जोडलेला जो तुकडा आहे तो सांगते, कारण तो कुणी मला आधी सांगितला असता तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलमधून घरी आले आणि फोन उघडला. ॲपचं नोटिफिकेशन : तुमचं बाळ या आठवड्यात आंब्याएवढं झालंय. मी ॲप डिलीट केलं. पण ई-मेल कुठे थांबतात? तीन आठवड्यांनी ई-मेल आला, बाळ आता पपईएवढं. डायपरवर सूट, डोहाळजेवणाच्या साड्या. मी ज्या ज्या ठिकाणी नोंदणी केली होती त्या प्रत्येकाला तारीख देऊन बसले होते ना! त्या तारखेच्या दिवशीही अभिनंदनाचा मेसेज आला, फोटो काढलेल्या गोंडस बाळासकट.

तर पहिली गोष्ट ही. खरेदीच्या ॲपला, दुकानाच्या मेंबरशिपला, डायपरच्या फुकट सॅम्पलच्या फॉर्मला तुमची खरी ड्यू डेट देऊ नका. त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. आणि आठवडे मोजायचं ॲप वापरत असाल तर बऱ्याच ॲप्समध्ये प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये खोल कुठे तरी ‘प्रेग्नन्सी थांबली’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो तुम्ही शोधू नका. त्या वेळी तुमच्या नवऱ्याला, बहिणीला, मैत्रिणीला शोधायला लावा. फोन त्यांच्या हातात द्या आणि झोपा.

दुसरं, परत करण्याची मुदत. सात दिवस, दहा दिवस जे काही असतं ते डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे पार्सलच्या डिलिव्हरीच्या, आपल्या नव्हे. (हसते) चौथ्या महिन्यात मागवलेली कॉट वाकडी आहे की सरळ, हे तुम्हाला दहाव्या महिन्यात कळणार. तोपर्यंत कस्टमर केअर तुम्हाला ओळखतही नाही.

आणि तिसरं असं झालं की एक पार्सल उशिरा येणार होतं. ते मी घरी आल्यावर चार दिवसांनी आलं. मला कळलंच नाही. कितीतरी दिवसांनी ऑर्डरच्या यादीत ‘डिलिव्हर्ड’ दिसलं, तेव्हा मी आईंना विचारलं, अहो आई, एक मच्छरदाणी आली होती का, छत्रीसारखी उघडणारी? त्या म्हणाल्या, आली होती, वॉचमनच्या सुनेला दिली. तिचं लेकरू महिन्याचं आहे, खाली डास फार आहेत. एवढंच. दार त्यांनी उघडलं, सही त्यांनी केली, खोकं त्यांनी फोडलं. ‘तरी मी सांगत होते’ हे वाक्य त्यांना म्हणता आलं असतं. आजपर्यंत म्हणालेल्या नाहीत.

त्यानंतर मी या नियमाचा जरा विचार करायला लागले. श्रद्धा म्हणून नाही, तो माझा पिंड नाही. हा नियम आला कुठून, एवढंच.

माझ्या आजीला सात बाळंतपणं झाली. माझ्या वडलांना भावंडं किती? चार. म्हणजे पाच जगली. दोघांची नावंसुद्धा कुणी घेत नाही, कारण बहुतेक नावं ठेवायची वेळच आली नव्हती. आणि हे काही वेगळं घर नव्हतं. १९७१ मध्ये आपल्या देशात जन्माला आलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२०च्या सरकारी आकडेवारीत हाच आकडा २८ वर आला. त्यातही सगळ्यात जोखमीचा असतो तो जन्मानंतरचा पहिला आठवडा. आता आपले विधी बघा. पाचवीला सटवाईची पूजा, ती बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. मग बाराव्या दिवशी बारसं. नाव बाराव्या दिवशी, पाळणा बाराव्या दिवशी, वाळे-मनगट्या, कुंची, आहेर सगळं बाराव्या दिवशी. म्हणजे तो धोक्याचा आठवडा पार पडेपर्यंत कुणी काही खरेदीच करत नव्हतं. बाळंतविडा म्हणून माहेरच्यांकडून, आत्या-मावश्यांकडून जे यायचं, झबली, टोपरी, दुपटी, बाळंतिणीला साडी, खारीक-खोबरं, डिंक, तेही बाळ झाल्यावरच.

म्हणजे माझ्या डोक्यातला अपशकुन हा शब्द मला तरी अपुरा वाटायला लागला. ज्या बाईने रिकामं घर आणि भरलेलं कपाट दोन्ही एकदम पाहिलंय, तिने सुनेला सांगितलं असणार : बाई गं, कपाट नंतर भर.

असो. पण मग यावेळी माझं उलटंच झालं. आता आईंचा नियम त्यांच्यापेक्षा मीच जास्त पाळायला लागले. मॉलमध्ये लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आलं की मी फोनमध्ये बघत पुढे जायची. सातवा संपला, आठवा लागला. नवरा विचारायचा, निदान लंगोट तरी? मी म्हणायची, बघू. डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या बॅगेची यादी दिली तीसुद्धा मी पर्समध्येच ठेवून दिली, घडी न उघडता.

आणि मग एके दिवशी दुपारी मी ऑफिसची मीटिंग संपवून बाहेर आले तर आई जमिनीवर बसून टर्रकन साडी फाडतायत. त्यांची जुनी सुती साडी, धुऊन धुऊन अशी मऊ झालेली की मुठीत मावेल. मी म्हटलं, आई, हे काय? आपलं ठरलंय ना? त्या म्हणाल्या, काय ठरलंय? ही फडकी आहेत. घरात फडकी लागत नाहीत का? 

चौकोनी फडकी, सगळ्या कडांना दुमडून शिवलेली, बरोबर दुपट्याच्या मापाची. (हसते) आणि काही त्रिकोणी फडकी. चार दिवस त्या ‘फडकी’ शिवत होत्या आणि मी त्या फडक्यांच्या घड्या घालत होते. बाळाचं नाव कुणीच काढलं नाही.

आता या फडक्यांचं शास्त्रही ऐकून घ्या, कारण जुन्या कपड्याला दुसरं कारण आहेच. नव्या कापडाला खळ असते, रंगाची-फिनिशिंगची रसायनं असतात, शिवणी टोचतात. म्हणून नवीन कपडे आणले तर साध्या साबणाने दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवूनच घालायचे. जुन्या सुती कापडाचं ते सगळं आधीच निघून गेलेलं असतं. तुम्हाला नात्यातून कुणाच्या बाळाचे कपडे मिळत असतील तर अजिबात नाक मुरडू नका, घ्या. फक्त एक गोष्ट तपासा, आणि ही महत्त्वाची आहे म्हणून हळू बोलते. ते कपडे डांबरगोळ्या घालून ठेवलेले होते का? त्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एक एन्झाइम जन्मतः कमी असतं, आणि आपल्या बाळात ते कमी आहे हे आपल्याला आधी माहीत नसतं. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास लागलेले कपडे, गोधड्या वापरल्या तर रक्तपेशी फुटून जोरदार कावीळ होऊ शकते. आमच्याकडे नणंदेकडून आलेल्या पिशवीत बरोबर कोपऱ्यात दोन गोळ्या निघाल्या. वास जाईना म्हणून त्यातली गोधडी मी चक्क नाही म्हटली. नणंद जरा रुसली. पण चालतं. कपडे साठवायचेच असतील तर वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला.

तर फडकी झाल्यावर माझी भीड जरा मोडली आणि आम्ही तुळशीबागेत गेलो. आई, मी आणि पिशव्या धरायला नवरा. लक्ष्मी रोडच्या गर्दीत आठव्या महिन्यातली बाई घेऊन जाणं हा काही शहाणपणा नाही. सकाळी दुकानं उघडता उघडता जा, बसायला मिळतं.

दुकानदार काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, मुलगा की मुलगी? म्हटलं, काका, अजून यायचंय. ते म्हणाले, मग पिवळं दाखवतो. तुम्ही परदेशातले व्हिडिओ बघत असाल, फुगा फोडला की गुलाबी नाहीतर निळी पूड उडते. आपल्याकडे जन्माआधी लिंग विचारणं आणि सांगणं दोन्हीला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती का आणावी लागली हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आपल्याकडची बाळंतपणाआधीची खरेदी म्हणजे पिवळा, पांढरा, पोपटी. मला तर तेच आवडतं. आई पण म्हणाल्या, पिवळं छान, हळदीचे डाग दिसत नाहीत.

झबली घेताना पुढून उघडणारी घ्या, नाडीची. डोक्यातून घालायचा टी-शर्ट फोटोत गोड दिसतो, पण नवजात बाळाची मान धरून तो चढवून बघा, म्हणजे कळेल. शिवाय नाळेचा तुकडा गळून पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तिथे काही घासायला नको. बटणं, मोती, लेसचे गुच्छ असलं काही नको. सहा झबली, टोपरी तीन-चार, मोजे. बास. काका म्हणाले डझन घ्या. सगळेच दुकानदार डझन घ्या म्हणतात.

कारण काय, तर बाळ वाढतं हो! आपल्याकडे बाळ साधारण पावणेतीन-तीन किलोचं जन्मतं. शून्य नंबरचं झबलं महिना-दीड महिन्यात तोकडं होतं. डायपरचंही तेच. न्यू-बॉर्न साइजचं मोठं खोकं सेलमध्ये घेऊन ठेवू नका. माझ्या मैत्रिणीचं बाळच पावणेचार किलोचं झालं, तिची अडीच पाकिटं तशीच राहिली. एक लहान पाकीट पुरे, रात्रीसाठी आणि डॉक्टरकडे जाताना. दिवसा लंगोट. त्याचा आणखी एक फायदा मला आमच्या डॉक्टरांनी सांगितला : पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसभरात निदान सहा वेळा शू केली तर त्याला दूध पुरतंय असं समजायचं. लंगोटात ते मोजता येतं. डायपरमध्ये सगळं एकत्र, काय मोजणार?

आता न घेतलेल्या वस्तू. इथे आमची दुकानात थोडी वादावादी झाली, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

पहिली उशी. मोहरीची उशी, राईची उशी. बाळाचं डोकं गोल होतं म्हणून आपल्याकडे हटकून घेतात. गादी-मच्छरदाणीच्या सेटमध्ये तर उशी, दोन्ही बाजूला दोन लोड, असं सगळं येतंच. मी नको म्हटलं. बालरोगतज्ज्ञ सांगतात की वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागेत उशी, लोड, जाड पांघरूण, मऊ खेळणी काहीच नको. सपाट, घट्ट गादी आणि बाळ पाठीवर. तोंड कशात दबलं तर त्याला मान वळवता येत नाही, एवढं साधं कारण. अमेरिकेत तर कॉटच्या कडेने लावायच्या त्या गुबगुबीत पट्ट्यांच्या विक्रीवर २०२२ साली कायदा करून बंदी घातली. आई म्हणाल्या, आमच्या वेळी सगळ्यांना राईची उशी होती, तुझ्या नवऱ्याचं डोकं बघ किती गोल आहे. नवरा डोकं खाजवत उभा. मी म्हटलं, आई, डोकं गोल नाही झालं तरी चालेल. त्यांनी उशी परत ठेवली. पण त्यांना पटलं असं नाही वाटत मला.

दुसरा वॉकर. चाकांचा, मधे बाळाला बसवायचा, समोर गाणी वाजणारा. तो आत्ता घ्यायचा नसतोच, पण भेट म्हणून तो येतो, हमखास येतो. बाळ त्यात बसून दोन सेकंदांत गॅसपाशी पोचतं, उंबऱ्यावरून, जिन्यावरून पडतं. आणि त्याने लवकर चालायला शिकतं हेही खरं नाही. कॅनडाने २००४ पासून त्याची विक्रीच बंद केलीय. आपला जुना लाकडी पांगुळगाडा आठवतो? तो वेगळा. त्यात बाळाला बसवत नाहीत. बाळ आपणहून उभं राहायला लागलं की मागून धरून ढकलत चालतं. ज्या मामाला काही तरी द्यायचंच आहे त्याला सांगा, वर्षभराने पांगुळगाडा आण. सावंतवाडीची लाकडी खेळणी कुणी आणणार असेल तर उत्तमच, लहान सुटे तुकडे नसलेली तेवढी बघा. बाकी बाजारातल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह असणं बंधनकारक आहे. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, पण सिग्नलवर मिळणाऱ्या चिनी खुळखुळ्याला नाही.

तिसरी दुधाची बाटली. तुमच्या लक्षात आलंय का, टीव्हीवर बाळाच्या तेलाची, साबणाची, डायपरची जाहिरात असते, पण दुधाच्या बाटलीची किंवा तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीची नसते? १९९२चा कायदा आहे आपल्याकडे. त्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, खप वाढवायला सवलत किंवा भेट द्यायची नाही. तेव्हा कुणी ‘एकावर एक फ्री’ म्हणून बाटली विकत असेल तर तो कायदा मोडतोय हे लक्षात ठेवा. मागच्या वेळी मी ज्या ५० टक्क्यांवर भाळले होते ते बाटली गरम ठेवायचं यंत्र होतं, बाटली नव्हती, म्हणून ते सुटलं. लागली तर डॉक्टर सांगतील आणि लागली तर वाईट वाटून घेऊ नका, काही जणींना लागतेच. पण आधीपासून सहा बाटल्यांचा सेट मांडून ठेवायची गरज नाही.

काजळ नाही. म्हणजे डोळ्यांत नाही. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावू असं आईंचं आणि माझं ठरलंय. पावडर नाही, ती श्वासातून आत जाते. आणि स्ट्रोलर? मंडळी, मी पुण्यात राहते. आमच्या फुटपाथवर आधी स्कूटर, मग वडापावची गाडी, मग झाड, मग फुटपाथ संपतो. स्ट्रोलर ढकलायचा कुठे, पार्किंगमध्ये? ज्यांच्या सोसायटीत बाग आहे त्यांनी घ्यावा.

आता भेटवस्तूंचं बोलू, कारण मेसेज करणाऱ्यांत बरेच जण मित्राच्या, बहिणीच्या बाळाला काय द्यावं असंही विचारतायत. परदेशात लोक यादी करून लिंक पाठवतात. आपल्याकडे ‘मला हे आणा’ म्हणणं जड जातं. पत्रिकेवर एक तर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात, किंवा काहीच न बोलता शून्य नंबरचे १४ फ्रॉक गोळा करतात. मी मधला मार्ग काढलाय. माझ्या जावेला यादी देऊन ठेवलीय. लोक मला विचारत नाहीत, पण तिला हमखास विचारतात, ‘अगं, काय आणू?’ मग ती आपली सहज म्हणते, ‘थर्मामीटर नाहीये वाटतं त्यांच्याकडे.’ एकदम जमतंय.

तुम्ही देणारे असाल तर सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचे कपडे द्या. आणि तेव्हा ऋतू कुठला असेल ते बोटांवर मोजा. मार्चमध्ये झालेल्या बाळाला त्या मापाचा स्वेटर बरोबर थंडीत बसेल. मार्चमध्ये शून्य नंबरचा स्वेटर मात्र नुसता फोटोपुरता. सोन्या-चांदीचं देणार असाल तर वाळे जरा घट्ट फासाचे आणि घुंगरू पक्के बसवलेले बघा, घुंगरू निघून तोंडात जातात. आणि सगळ्यात चांगली भेट विचाराल तर डबा. खरंच. बाळ बघायला आठ जण येतात, त्यांचा चहा कोण करतं? त्याऐवजी तुम्ही येताना पालेभाजी-भाकरीचा डबा आणा, अर्धा तास बसा आणि निघा. आणि हो, आधी विचारून या. सर्दी असेल तर येऊच नका.

फिनलंडची एक गोष्ट मला फार आवडली. तिथे १९३८ पासून सरकार गरजू आईला बाळाच्या कपड्यांचं एक खोकं देतं, आणि १९४९ पासून सगळ्याच आयांना. अट एकच, चौथ्या महिन्याच्या आत तपासणीला यायचं. आत कपडे, अंथरूण, लहानशी गादी, आणि ते रिकामं खोकं हेच बाळाचं पहिलं अंथरूण. म्हणजे आपल्या सुपासारखंच की! आपल्या महाराष्ट्रातही २०१९ मध्ये बेबी केअर किटची योजना आली, सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण होणाऱ्या आईला साधारण दोन हजार रुपयांपर्यंतचं सामान. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई असतील, गावी वहिनी असेल, तर अंगणवाडी सेविकेकडे त्याबद्दल नक्की विचारा. आणि नाव वेळेत नोंदवा.

आमची तुळशीबागेची सगळी खरेदी किती झाली सांगू? १८००च्या आत, त्यात आमची मिसळ धरून. मागच्या वेळचा माझा तो १७ वस्तूंचा आकडा सांगत नाही, आई हा भाग ऐकतात.

हॉस्पिटलची बॅग आता भरलीय. पर्समधली यादी अखेर उघडली. दाराजवळच्या खुर्चीवर ठेवलीय, नवरा रोज ऑफिसला जाताना तिला एकदा हात लावून जातो. वर आईंची सहा फडकी आहेत.

आणि ती एक वस्तू. कॉट. तीन वर्षं ती आमच्या माळ्यावर आहे, खोक्याची टेपसुद्धा न काढलेली. मधे दोनदा घर आवरलं, एकदा रंग दिला. प्रत्येक वेळी नवऱ्याने ती खाली उतरवली, पुसली आणि परत वर ठेवली. विकू या असं आम्ही दोघंही कधी म्हणालो नाही, आणि ठेवू या असंही नाही. वॉचमनच्या सुनेला मच्छरदाणी देणाऱ्या आईंनीही त्या खोक्याबद्दल कधी विषय काढला नाही.

गेल्या रविवारी नवरा म्हणाला, उघडून तरी बघू, स्क्रू सगळे आहेत की नाही. नसले तर आत्ताच मागवायला हवेत. मी म्हटलं, बारशापर्यंत थांबू. तो म्हणाला, बरं. मग स्वयंपाकघरातून आई म्हणाल्या, स्क्रू मोजायला काय हरकत आहे, स्क्रू काय बाळाचे असतात का?

तर आज संध्याकाळी स्क्रू मोजायचे आहेत. २४ असायला हवेत असं खोक्यावर लिहिलंय.

पुढचा भाग कधी येईल ते मला खरंच सांगता येत नाही. दोन-तीन महिने शांतता असली तर काळजी करू नका. तुमच्याकडे बाळाच्या जुन्या कपड्यांची पिशवी असेल तर आजच उघडून त्या गोळ्या काढून टाका, आणि मला मेसेज करा, तुमच्या घरी ‘फडकी’ कोण शिवायचं ते. भेटूच.